गाळे विकले, मॉल कोणी चालवायचा?

आमच्या शहरातला मॉल ऑनलाइन खरेदीने बुडवला, असं रिक्षावाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळे सांगतात. मॉलची देखभाल आम्ही बघतो, मेंटेनन्सच्या वह्या आमच्याकडे असतात, त्यामुळे आम्हाला ते पटत नाही. ऑनलाइनचा माल घरोघरी यायला लागला त्याच्या आधीच पहिल्या मजल्यावरची निम्मी शटरं खाली आली होती. पडझड सुरू झाली ती बुकिंगच्या पावतीपासून, आणि पुढे ती वाढली मेंटेनन्सच्या बिलातून. ती कशी, हे इथे लिहून ठेवतोय. जिल्ह्याच्या ठिकाणी याच धाटणीचे मॉल अजून उभे आहेत, आणि तिथले गाळेधारक तेच तेच प्रश्न विचारत असतात.

मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स १९९९ मध्ये उघडला, २००१ पासून बिग बझारची दुकानं निघू लागली, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत मॉलची हवा पाच-सहा लाख वस्तीच्या गावांपर्यंत पोचली. वाटेत एक गोष्ट मात्र गळून पडली. लोअर परळच्या फिनिक्ससारख्या ठिकाणी जागा एका कंपनीची असते आणि दुकानदार भाड्याने येतात. कोणत्या मजल्यावर चपला, कुठे खेळणी, कोणाला भाड्यात सूट, कोणाला मुदत संपल्यावर नारळ, हे एकाच ऑफिसात ठरतं. गावाकडच्या बिल्डरला दहा-पंधरा वर्षं भाडं खात बसणं परवडत नव्हतं. त्याला फ्लॅट स्कीमची सवय होती: बुकिंगच्या पैशातून स्लॅब टाकायचा, स्लॅब दाखवून पुढचं बुकिंग घ्यायचं. तीच रीत त्याने मॉलला लावली आणि गाळे एकेक करून विकले.

आमच्या मॉलचं विक्रीयोग्य क्षेत्र साधारण ९० हजार चौरस फूट. त्यातले ३० हजार सुपरमार्केटसाठी (यालाच धंद्यात ‘अँकर’ म्हणतात), २२ हजार वरच्या मजल्यावरच्या मल्टिप्लेक्ससाठी, आणि उरलेल्या ३८ हजारांत दीडशेच्या आसपास छोटे गाळे. अँकर आणि मल्टिप्लेक्सची जागा बिल्डरने स्वतःकडे ठेवली आणि ती बँकेकडे गहाण टाकली. छोटे गाळे विकले. घेणारे कोण? निवृत्तीचे पैसे हातात आलेले प्राध्यापक, डॉक्टर मंडळी, रिंगरोडला जमीन गेलेले शेतकरी, आखातात नोकरीला असलेली मुलं. दुकान चालवणारा व्यापारी त्यांत अगदी कमी. पेठेतल्या व्यापाऱ्याने गणित आधीच केलं होतं.

ते गणित असं. गाळा २४० चौरस फुटांचा म्हणून विकला गेला, दर ४,५०० रुपये, म्हणजे १० लाख ८० हजार. पण हे २४० म्हणजे लोडिंग धरून. जिने, पॅसेज, अ‍ॅट्रियम (काचेच्या छताखालचा मधला मोकळा चौक), स्वच्छतागृहं यांचा वाटा त्यात मिसळलेला. शटरच्या आत टेप लावला की १५० भरतात. म्हणजे खरा दर ७,२०० पडला. त्यावर ४० रुपये फुटाने भाडं येईल असं सांगितलं होतं. महिना ९,६००, वर्षाला पावणेअकरा टक्के. बँकेच्या एफडीपेक्षा बरं, म्हणून लोकांनी डोळे झाकून चेक फाडले.

आता हाच गाळा भाड्याने घेणाऱ्याच्या बाजूने बघा. भाडं ४० आणि मेंटेनन्स १५, एकूण ५५ रुपये फूट. २४० फुटांचे १३,२०० रुपये महिना. तयार कपड्यांच्या धंद्यात जागेवरचा खर्च विक्रीच्या १५ टक्क्यांपुढे गेला की दुकान तग धरत नाही. म्हणजे महिन्याला ८८ हजारांची विक्री हवी, रोजची जवळपास तीन हजार, आणि तीही मंगळवार-बुधवार धरून. लहान गावात मंगळवारी मॉलमध्ये येतात ती कॉलेजची पोरं, थंड हवेला आणि सरकत्या जिन्याला. रविवारच्या गर्दीवर सहा दिवसांचं भाडं निघत नाही. पेठेतल्या दुकानदाराला हे तोंडपाठ होतं. त्याची पेठेतली जागा जुनी, भाडं नाममात्र, आणि लग्नसराईत गिऱ्हाईक आपणहून दारात.

अँकरचा करार वेगळ्याच जगातला असतो. त्याला भाडं २२ रुपये किंवा विक्रीच्या चार टक्के, जे जास्त ते. मेंटेनन्स फक्त ६ रुपये. पंधरा-अठरा वर्षांच्या करारात त्याचा लॉक-इन पहिल्या तीन वर्षांचा, जागामालकाचा मात्र पूर्ण मुदतीचा. मराठीत सांगायचं तर तीन वर्षांनंतर तो कधीही नोटीस देऊन उठू शकतो, मालक त्याला उठवू शकत नाही. मल्टिप्लेक्सचंही तसंच, मेंटेनन्स ५ रुपये. मल्टिप्लेक्सना त्या काळात सरकारने काही वर्षांपुरती करमणूक करात मोठी सवलत दिली होती, त्यामुळे मॉलच्या डोक्यावर पडदे बसवायला जो तो तयार. या दोघांना स्वस्तात आणायचं कारण उघड आहे: गर्दी ते खेचतात आणि त्या गर्दीवर छोटे दुकानदार जगतात. गर्दी खेचणाऱ्याला दिलेली सूट भरून काढायची कोणी, तर छोट्यांनी. हे गणित चूक नाही, जगभर असंच चालतं. फक्त जगभर या दोन्ही बाजू एकाच मालकाच्या खिशात असतात. आमच्याकडे सूट बिल्डरच्या भाडेकरूला आणि भुर्दंड प्राध्यापकांच्या गाळ्याला.

उघडल्यावरची पहिली दोन वर्षं बरी गेली हे मान्य करायलाच हवं. दिवाळीत आत शिरायला जागा नसे. त्या गर्दीत सगळ्यांत जोखमीची जागा सरकत्या जिन्याची. जिना अर्धा मीटर प्रतिसेकंदाने चालतो. पहिल्यांदा चढणाऱ्याला तोही फार वाटतो. पायरी जिथे जमिनीत शिरते तिथे दात्यांची पट्टी असते, कोंबप्लेट. साडीचा काठ, ओढणी, लहान मुलांच्या मऊ रबरी चपला यांना ती धरते. त्यासाठी वर आणि खाली एकेक माणूस उभा करावा लागतो, त्याचा हात लाल बटणापासून वीतभर अंतरावर हवा, आणि बटण दाबण्याआधी ‘सगळ्यांनी कठडा धरा’ अशी हाळी द्यायची, नाहीतर थांबणाऱ्या जिन्यावर लोक पुढे कोसळतात. हाऊसकीपिंगच्या कंपनीला हे काम जमत नाही. सिक्युरिटीचाच माणूस लागतो, तोही शिकवलेला.

दुसरी कटकट विजेची. त्या वर्षांत जिल्ह्याच्या गावांना भारनियमन रोजचं होतं. जनरेटर एक लिटर डिझेलमध्ये साडेतीन युनिट देतो, फार तर. डिझेल चाळीसच्या आसपास असताना ते युनिट साडेअकरा रुपयांना पडायचं, महावितरणचं आठच्या आसपास. (डिझेल पुढे नव्वदच्या घरात गेलं, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.) जनरेटरवर एसी चालवायचा नाही असा नियम आम्ही केला, तर अँकर आणि मल्टिप्लेक्सचे स्वतःचे एसी स्वतःच्या जनरेटरवर सुरू आणि मधला अ‍ॅट्रियम तापलेला. काचेचं छत म्हणजे दुपारी एक ते चार भट्टीच. छोटी दुकानं सगळी त्या अ‍ॅट्रियमच्या भोवती.

एसीबद्दल जरा सविस्तर, कारण मॉल तिथूनच विझत जातो. छोटे गाळे, पॅसेज आणि अ‍ॅट्रियम मिळून ५० हजार फुटांना १२५ टनांचे दोन चिलर (सगळ्या एसीला गारवा पुरवणारी मोठी यंत्रं) होते. २०० फुटांना एक टन हा ढोबळ हिशोब. एक चालवायचा, मे महिन्यात दोन्ही. चिलर पाण्याने थंड होणारे, म्हणजे गच्चीवर कूलिंग टॉवर. टॉवरमधून दर टनामागे तासाला आठ-दहा लिटर पाणी वाफ होऊन आणि गटारात जाऊन संपतं. एक चिलर दहा तास चालला की दिवसाला दहा-बारा हजार लिटर, म्हणजे एक टँकर. उन्हाळ्यात गावाला दिवसाआड पाणी आणि मॉलच्या दारात रोज टँकर, हे दृश्य राजकीयदृष्ट्याही जड जातं. मग बोअरचं पाणी वापरलं जातं. त्यात क्षार जास्त. सॉफ्टनरच्या (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राच्या) मिठाचे पैसे वाचवले की कंडेन्सरच्या (चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) नळ्यांत क्षार बसतो, उष्णता बाहेर जात नाही, चिलर हाय प्रेशरवर ट्रिप होतो. ऑपरेटर तो रिसेट करून पुन्हा चालू करतो, पुन्हा ट्रिप. खरा उपाय नळ्या ब्रशने आणि अ‍ॅसिडने साफ करण्याचा, चार-पाच दिवसांचा. आमच्याकडे तो पुढे ढकलला गेला आणि त्या हंगामात एका कॉम्प्रेसरची मोटर जळाली. दुरुस्तीचा आकडा ऐकून कोणीही ‘सध्या एकावर भागवू’ म्हणतं. सगळ्या मॉलमध्ये हे ‘सध्या’ कायमचं असतं.

आता बिल. छोट्या गाळ्यांचे ३८ हजार फूट गुणिले १५, म्हणजे ५ लाख ७० हजार. अँकरचे १ लाख ८० हजार. मल्टिप्लेक्सचे १ लाख १० हजार. सगळ्यांनी वेळेवर भरले तर महिन्याला ८ लाख ६० हजार जमा. खर्च: सामाईक वीज ४ लाख, सिक्युरिटी १ लाख ३० हजार, साफसफाई १ लाख, डिझेल ९० हजार, लिफ्ट-जिने-चिलर-फायर यांचे वार्षिक देखभाल करार मिळून महिना ७० हजार, ऑफिस आणि पाणी ६० हजार. बेरीज ८ लाख ५० हजार. शिल्लक दहा हजार. छताला गळती लागली तर डांबराचा पत्रासुद्धा येणार नाही त्यात. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम) नावाचं काही नव्हतंच. ताबा देताना बिल्डरने दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतला होता, तो कुठे गेला याचा हिशोब आम्हाला कधी मिळाला नाही.

मिक्स, म्हणजे कुठे कोणतं दुकान हे गणित, बिघडायला वेळ लागला नाही. मालक दीडशे, प्रत्येकाला जो पहिला भाडेकरू मिळेल तो चांगला. एका ओळीत मोबाइल कव्हरची पाच दुकानं, मध्ये एलआयसीचा एजंट, शेजारी लेडीज ब्यूटी पार्लर काचेला काळा कागद लावून. फूड कोर्टचे सहा काउंटर सहा मालकांचे, त्यांतले चार वडापाव आणि चायनीज. एकमालकी मॉलमध्ये असल्या दुकानांना नकार देणारं कोणीतरी असतं. इथे नकार द्यायचा अधिकार कोणत्याच कागदात लिहिलेला नव्हता. अ‍ॅग्रीमेंट करताना ‘वापर: दुकान’ एवढंच. कोणी नवीन मॉलमध्ये गाळा घेत असेल तर त्याने हा एक परिच्छेद आधी वाचावा: कुठल्या ओळीत काय चालेल हे ठरवणारी समिती आहे का, आणि तिचा निर्णय पुढच्या खरेदीदारावर बांधील आहे का.

पार्किंगचंही तेच. गाव दुचाकीवर चालतं. तळघराचा उतार एकास आठ, खाली वळण, पावसाळ्यात शेवाळ. पुढे पोर आणि मागे पिशवी घेऊन स्कूटीवर आलेली बाई तिथे एकदा उतरते, दुसऱ्यांदा गाडी रस्त्यावर लावते. रस्त्यावरची गाडी ट्रॅफिकवाले उचलतात. त्यानंतर ती बाई किराणा घ्यायला रिंगरोडच्या दुकानात जाते, जिथे पार्किंग जमिनीवर आहे.

रिंगरोडची ही दुकानं हा खरा धक्का होता. डीमार्टचं पहिलं दुकान पवईत २००२ मध्ये निघालं आणि त्यांची पद्धत बहुतेक ठिकाणी जागा स्वतः विकत घेण्याची. भाडं नाही, मेंटेनन्सचं बिल नाही, अ‍ॅट्रियम गार करायचा नाही. त्याच डाळीवर ते दोन रुपये कमी घेऊ शकतात आणि घेतात. या पद्धतीचं मोठं दुकान गावाबाहेर उघडलं की मॉलमधल्या सुपरमार्केटची आठवड्याची विक्री लगेच बसते. अँकरच्या विक्रीवर चार टक्क्यांची आशा धरलेला जागामालक किमान भाड्यावर येतो, मग अँकर तेही कमी करून मागतो. आमच्या अँकरने दोनदा कमी करून घेतलं आणि तरीही नोटीस दिली. देशभर ज्या मॉलमध्ये बिग बझार होतं त्यांच्यावर हीच वेळ थोडी उशिरा आली. २०२० च्या टाळेबंदीनंतर बिग बझार चालवणाऱ्या फ्युचर ग्रुपची भाडी थकली, ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सबरोबर २४,७१३ कोटींचा सौदा जाहीर झाला, तो अ‍ॅमेझॉनच्या दाव्यात अडकला, फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेक जागांचा ताबा रिलायन्सकडे गेला आणि त्याच वर्षी जुलैत फ्युचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अँकर दुकान चांगलं चालूनही त्याची कंपनी कर्जाने बुडू शकते. त्याच्या गर्दीवर विसंबलेल्या शंभर दुकानदारांना ताळेबंद वाचायची सोय नसते.

अँकर गेल्यावर काय होतं, आकड्यांत. १ लाख ८० हजार गेले. गर्दी ओसरली म्हणून भाडेकरू निघाले, भाडेकरू गेले म्हणून मालकांनी मेंटेनन्स थांबवला. दहातल्या चार गाळ्यांनी भरणं बंद केलं की आणखी २ लाख २८ हजार कमी. जमा उरते ४ लाख ५२ हजार. त्यातले ४ लाख वीज खाते. पगाराला बावन्न हजार. मालकाचीही बाजू आहे: १२ रुपये फुटाने भाडं मिळालं तर २,८८० हातात, आणि मेंटेनन्स ३,६००. भाड्याने दिलं तरी पदरचे ७२० जातात. त्यापेक्षा शटर खाली ओढून बिलं फाडून टाकलेली बरी, असं प्रत्येकाला वाटतं, आणि एकेकट्याने विचार केला तर ते चूकही नाही.

कपातीचा क्रम सगळीकडे सारखा. आधी एसी दुपारी बारानंतर, मग संध्याकाळी पाचनंतर, मग फक्त शनिवार-रविवार. मग वर जाणारा जिना चालू आणि खाली येणारा बंद. इथे थांबावं, कारण बंद सरकता जिना हा फार वाईट जिना असतो: पायऱ्या नेहमीपेक्षा उंच, आणि पहिल्या-शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांची उंची कमी-जास्त होत जाते. म्हातारी माणसं तिथे पडतात. बंद करायचाच तर साखळी लावून बंद करा. शिवाय बंद जिना बाहेरून काचेतून दिसतो आणि येणाऱ्याला वाटतं मॉलच बंद आहे. आम्ही नंतर उलटं केलं: वरच्या दोन मजल्यांचे दिवे निम्मे केले, पण तळमजल्याचा जिना चालू ठेवला.

विजेच्या बिलात एक वाचवण्यासारखी रक्कम असते जी बहुतेक समित्यांच्या लक्षात येत नाही. मॉलची जोडणी ११ केव्हीची, करार मागणी (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज लागेल याचा महावितरणशी ठरलेला आकडा) ६०० केव्हीए. तुम्ही कितीही कमी वीज वापरा, करार मागणीच्या ठरावीक हिश्श्यावर डिमांड चार्ज लागतोच, आणि मागच्या अकरा महिन्यांत कुठल्याही महिन्यात मागणी वर गेलेली असेल तर तिचंही ओझं चालू बिलावर राहतं. अर्धा मॉल बंद असताना आम्ही पूर्ण मॉलचा डिमांड चार्ज भरत होतो. करार मागणी कमी करायला महावितरणकडे अर्ज, लोडची यादी, नवा करार एवढं लागतं. ती २५० वर आणली.  उन्हाळ्यातला उच्चांक बिलात ताजा असताना अर्ज केला तर फायदा दिसायला वेळ लागू शकतो. पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती कामाला लागते याचं माप) सुधारणारे कपॅसिटर त्याच वेळी तपासून घ्यावेत. लोड उतरला की जुनं पॅनेल जास्तीचे कपॅसिटर लावून ठेवतं आणि उलट बाजूचा दंड बसतो.

आगीच्या यंत्रणेला मात्र कात्री लावू नये, आणि तिथेच ती सगळ्यांत आधी लागते, कारण ती चालत नाही हे कोणाला दिसत नाही. हायड्रंटच्या (आग विझवायच्या पाण्याच्या नळांच्या) लाइनमध्ये सतत दाब हवा. तो राखायला छोटा जॉकी पंप असतो, दाब जरा उतरला की चालतो, भरला की थांबतो. जमिनीखालचा पाइप गंजून झिरपायला लागला की जॉकी दिवसभर घरघरतो. ऑपरेटर आवाजाला आणि बिलाला कंटाळून पॅनेलचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवतो. झालं. आता लाइन कोरडी आणि मुख्य पंप आपणहून सुरू होणार नाही. त्यात पाण्याची टंचाई असली की फायर टँकमधून स्वच्छतागृहांना लाइन जोडली जाते. आम्हाला अशी जोडणी सापडली, पाऊण इंची पाइप, व्हॉल्व्हसकट. गाळ्यांत आणखी प्रकार: मालकाने परस्पर पोटमाळा घातलेला, त्यामुळे छतावरच्या स्प्रिंकलरचं (उष्णतेने आपोआप पाणी फवारणाऱ्या तोटीचं) पाणी खालच्या मालावर पडणारच नाही. स्प्रिंकलरच्या तोंडावरचा लाल काचेचा बल्ब ६८ अंशांना फुटतो, पण त्याच्याखाली प्लायवूडचा स्लॅब असेल तर फुटून काय उपयोग?

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने दरवर्षी जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘बी’ फॉर्मचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. काही हजारांत कागद करून देणारे भेटतात. घेऊ नका. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या सिटी सेंटर मॉलची आग दोन दिवसांहून अधिक धुमसत होती. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली, तेव्हा तिथे वरच्या मजल्यावर रुग्णालय चालू होतं आणि रुग्ण दगावले. एजन्सीचा माणूस आला की त्याच्यासमोर सगळ्यांत लांबचा हायड्रंट उघडून दाखवायला लावा, आणि दाब सोडल्यावर मुख्य पंप आपोआप सुरू होतो का ते बघा. वीस मिनिटांचं काम आहे.

यानंतर वळण संस्थेचं. तोवर मेंटेनन्स बिल्डरच्याच एका कंपनीकडे होता, म्हणजे थकबाकीदारावर कायदेशीर वचक शून्य. थकबाकीदाराची वीज तोडावी असं सभेत कोणीतरी म्हणतंच. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडायला भाडे नियंत्रण कायद्यात मनाई आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. सरळ वाट सहकारी संस्थेची. १९६३ च्या मोफा कायद्यातली (बिल्डर आणि फ्लॅटधारकांचे व्यवहार बांधणारा महाराष्ट्राचा कायदा) ‘फ्लॅट’ची व्याख्या दुकान, शोरूम, ऑफिस, गोदाम यांनाही लागू आहे, हे गाळेधारकांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. निम्म्याहून जास्त गाळेधारकांच्या सह्या लागतात, आणि अवघड काम हेच. आखातातल्या मालकांची मुखत्यारपत्रं, वारलेल्या मालकांचे वारस, एकाच गाळ्यावर दोन भावांची नावं. आम्ही इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीचा उतारा) नोंदणी कार्यालयातून काढून एकेका गाळ्याची फाइल केली. संस्था झाली की थकबाकीवर उपविधीप्रमाणे व्याज लावता येतं (आमच्या वेळी कमाल २१ टक्के, सरळ व्याज), आणि उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळाला की रक्कम जमीन महसुलासारखी वसूल होते. पहिले दोन-तीन दाखले निघाल्यावर बाकीच्यांचे चेक आपोआप आले. एक लक्षात ठेवा: निवासी सोसायटीची महिना साडेसात हजारांपर्यंतची जीएसटी सवलत व्यापारी गाळ्यांना नाही. उलाढाल वीस लाखांपुढे गेली की १८ टक्के लावावेच लागतात.

जमिनीचं अभिहस्तांतरण (मालकी संस्थेच्या नावावर करणं) बिल्डर करून देत नव्हता, म्हणून मानीव, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून होणाऱ्या, अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे, फॉर्म सात. मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सगळ्या गाळ्यांचे नोंदलेले करार, बिल्डरला दिलेली नोटीस आणि तिची पोच. अडलं ते दोन जागी. एक, मंजूर नकाशात तळघर पूर्ण पार्किंग होतं आणि प्रत्यक्षात तिथे बिल्डरने तीन गोदामं विकली होती. दोन, अँकर आणि मल्टिप्लेक्सच्या जागेवर बँकेचा बोजा. अर्जात बँकेला पक्षकार केलं नाही तर सुनावणीत ती उभी राहते आणि प्रकरण लांबतं. आधीच करा.

बँक तोवर सरफेसीच्या (थकलेल्या कर्जासाठी गहाण मालमत्ता बँकेला विकू देणाऱ्या कायद्याच्या) मार्गावर होती. खातं ९० दिवस थकलं की एनपीए (बुडीत कर्जात जमा), कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस, मग १३(४) खाली ताबा, प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४, नंतर लिलाव. राखीव किमतीच्या दहा टक्के बयाणा, बोली लागली की २५ टक्के भरती लगेच, उरलेली १५ दिवसांत. जाहिरातीत ‘जसे आहे, जेथे आहे’ लिहिलेलं असतं. या टप्प्यावर संस्थेने गप्प बसू नये. थकलेल्या मेंटेनन्सची रक्कम बँकेला लेखी कळवा आणि लिलावाच्या कागदपत्रांत ती नमूद व्हावी म्हणून मागणी करा. नंतर नव्या खरेदीदाराकडे मागायला गेलात तर तो जाहिरात पुढे करतो.

पहिल्या दोन लिलावांना कोणी आलं नाही. राखीव किंमत उतरल्यावर ३० हजार फूट एका स्थानिक ग्रुपने घेतले आणि तिथे आता लग्नाच्या कपड्यांचं मोठं दालन आहे. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांच्या दोन अभ्यासिका, एक जिम, क्लासेस. अभ्यासिकेला वीज कमी, वर्दळ पहाटेपासून रात्रीपर्यंत, भाडं वेळेवर. तिच्यासाठी चार गाळे एक करताना मधल्या साडेचार इंची भिंती पाडल्या. बीम-कॉलमला हात लावायचा नाही, आणि भिंत पडली की स्प्रिंकलर आणि बाहेर पडायच्या वाटा नव्याने आखून घ्यायच्या. रुग्णालयाचाही प्रस्ताव आला होता. बाहेर काढायला अवघड असलेली माणसं तिसऱ्या मजल्यावर ठेवायला या इमारतीचे जिने पुरेसे नाहीत, म्हणून समितीने तो नाकारला. भाडं चांगलं होतं, वाद बराच झाला.

चिलर भंगारात गेले. तांब्याच्या नळ्यांचा भाव वेगळा ठरवून घ्या, नाहीतर भंगारवाला सगळं लोखंडाच्या दराने तोलतो. आता ज्याचा त्याचा स्प्लिट एसी, आउटडोअर युनिट फक्त मागच्या डक्टमध्ये, आणि ठिबकणारं पाणी पाइपने खालच्या गटारापर्यंत नेण्याची अट भाडेकराराला जोडलेली. मेंटेनन्स १५ वरून ७ रुपयांवर आला, अँकरची जागा धरून सगळ्यांना एकच दर. त्यावर दालनाच्या मालकांनी हरकत घेतली आहे आणि ती उपनिबंधकांपुढे आहे. आमचं म्हणणं एवढंच आहे की अ‍ॅट्रियमचं छत त्यांच्याही डोक्यावर आहे. या पावसाळ्याआधी त्याच्या काचांचे सांधे सिलिकॉनने भरून घ्यायचे आहेत, आणि तीन कोटेशनं मागवली आहेत.